कॅनडा पीआरसाठी आयेल्ट्स की सेल्पिप?

एक्स्प्रेस एन्ट्रीला (कॅनडात कायमचं राहायला, म्हणजे पीआरला, अर्ज करायचा एक मार्ग) इंग्रजीच्या या दोन्ही परीक्षा चालतात, फक्त आयेल्ट्स द्यायची तर जनरल द्या, अकॅडमिक चालत नाही. सेल्पिपचा हिशोब सोपा, ९ आले म्हणजे सीएलबी (कॅनडाची भाषेची पातळी मोजायची पट्टी) ९, विषय संपला. आयेल्ट्समध्ये त्याच सीएलबी ९ ला लिसनिंगमध्ये ८ आणि बाकी तिन्हीत ७ लागतात, आणि रायटिंगला साडेसहावर गाडी अडकलेले ढिगाने भेटतात (मी पण त्यातलाच).

स्पीकिंगला आयेल्ट्सवाला माणूस समोर असतो, मान डोलावतो, जरा धीर येतो. सेल्पिपला हेडफोन लावून स्क्रीनशी बोलायचं, टायमर पळतोय, शेजारचा पण मोठ्याने बोलतोय, आपलं वाक्य कुठे होतं तेच विसरायला होतं. मी तर आयेल्ट्सच घेईन. रिझल्ट दोन्हीचा २ वर्षंच चालतो हां.