सिंधी कॉलनीतलं दाल पकवान, जळगावात असाल तर खाच

सिंधी कॉलनीतल्या या छोट्या दुकानाबद्दल लिहायचं बरेच दिवस डोक्यात होतं. पकवान म्हणजे मैद्याची तळलेली कडक पुरी, ती एकदम खुसखुशीत, जिऱ्याचा वास येतो, बोटाने दाबलं की कडकन मोडतं आणि तेलकट अजिबात नाही. सोबत चणाडाळ, शिजलेली पण दाणा अख्खा, वरून चिंचेची चटणी, हिरवी चटणी, बारीक चिरलेला कांदा. आपल्या खान्देशी जिभेला डाळ जरा कमी तिखट लागेल पण तळलेली मिरची मागितली की लगेच देतात. गल्ल्यावरचे आजोबा घरच्यांशी सिंधीत बोलतात आणि खेड्यावरून आलेल्या गिऱ्हाइकाला आपल्या अहिराणीत म्हणतात "बठ भाऊ" (बस भाऊ), इतकं बरं वाटतं ना ऐकून.

१९४७ला फाळणीत पंजाब, बंगालचा काही भाग तरी इकडे राहिला, सिंध मात्र अख्खा पाकिस्तानात गेला, म्हणजे या सिंधी लोकांना आपला म्हणावा असा प्रांतच उरला नाही. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत ठेवलेल्यांनी उल्हासनगर उभं केलं, आपल्याकडे जळगावातही कपड्याच्या, किराण्याच्या धंद्यात जम बसवला, त्या दुकानांत आपल्या कितीतरी पोरांना काम मिळालं. तरी कोणी त्यांना "बाहेरचे" म्हटलं की मला खरंच राग येतो.

बसायला जागा कमी, रविवारी गर्दी फार. उशिरा गेलात तर पकवान संपलेलं असतं, मग कोकी घ्या, कांदा घातलेली जाडसर पोळी, दह्याबरोबर मस्त लागते. पार्सल नेताना डाळ वेगळी बांधून मागा.