मट की अल्पाइन: मराठीत मेल लिहिणाऱ्यांसाठी

टर्मिनलमध्येच, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या कमांड-खिडकीत, मेल बघायची असं ठरलं, की निवड बहुतेक मट (Mutt) आणि अल्पाइन (Alpine) या दोन मेल प्रोग्रॅमपाशी येऊन थांबते. उद्यमनगरातल्या आमच्या ऑफिसात दोन्ही रोजच्या कामाला वापरून झालेत.

नवीन माणसाला अल्पाइन लवकर जमतो. त्या स्क्रीनवर चालणाऱ्या कळा तळाच्या दोन ओळींत समोरच लिहिलेल्या असतात. त्याचा पूर्वज पाइन १९८९ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या कार्यालयीन कर्मचाऱ्यांसाठीच सुरू झाला होता, ते अजून जाणवतं. मटमध्ये पहिले काही दिवस प्रश्नचिन्ह दाबून यादी बघत राहावं लागतं.

माझा निर्णय मात्र एका वेगळ्याच त्रासाने झाला. इचलकरंजी, गडहिंग्लजकडची आमची पत्रं मराठीत जातात, विषयासकट. मेल पाठवून यादीत परत यावं, मेल काढायला ‘डी’ दाबावा, तर काहीच होत नाही. कीबोर्ड इनस्क्रिप्टवरच, म्हणजे मराठी टायपिंगच्या मांडणीवरच, राहिलेला असतो आणि ‘डी’ऐवजी हलन्त जातो. शॉर्टकट बिघडला असं वाटलं, तर आधी हेच बघा.

यावर उपाय म्हणजे कीबोर्ड कायम इंग्रजीत ठेवायचा आणि मराठी ईमॅक्स (Emacs) या एडिटरच्या आत, कंट्रोल-बॅकस्लॅशने चालू करायची. बाहेरचा एडिटर दोन्ही प्रोग्रॅमना लावता येतो. पण अल्पाइन एडिटरला फक्त मजकूर देतो, विषयाची ओळ स्वतःकडे ठेवतो. म्हणजे विषयासाठी पुन्हा कीबोर्ड बदला, पुन्हा परत आणायला विसरा. मटमध्ये ‘एडिट_हेडर्स’ (edit_headers) आणि ‘ऑटोएडिट’ (autoedit) या दोन सेटिंग चालू केल्या, की विषयही ईमॅक्समध्येच लिहिता येतो. दिवसाला एखाद-दुसरी मेल असेल तर हे किरकोळ वाटेल. आमच्याकडे दिवसभर तेच चालतं.

कीबोर्ड इंग्रजीत असूनही कळ चालेना, तर मटमध्ये कोलन (:) टाकून ‘एक्झेक व्हॉट-की’ (exec what-key) ही कमांड द्या आणि तीच कळ दाबा. तिचा कोड दिसला तर ती मटपर्यंत पोचते आहे, दोष मटच्या सेटिंगमध्ये आहे. काहीच उमटलं नाही तर ती वाटेत टर्मिनलने किंवा टीमक्सने (tmux, एका टर्मिनलात अनेक खिडक्या चालवणारा प्रोग्रॅम) खाल्ली; मग मटच्या ‘बाइंड’ (bind) कमांडने तेच काम दुसऱ्या कळीला द्या. अल्पाइनमध्ये कळा अशा बदलायची सोय मला तरी सापडली नाही.

जोडाक्षरं तुटकी दिसत असतील तर तो टर्मिनलचा प्रश्न आहे, त्यासाठी प्रोग्रॅम बदलू नका. तुमचे विषय इंग्रजीतच जात असतील तर अल्पाइनवर खुशाल राहा. मराठीत जात असतील तर मी मटच घ्या म्हणेन, आणि त्या दोन सेटिंग पहिल्याच दिवशी चालू करा.