भंगारात घालायची की पुन्हा पासिंग करायची? १५ वर्षांवरच्या गाड्यांसाठीच्या दोन सरकारी सेवांचं परीक्षण

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे जुनी कमांडर, मारुती ८००, पद्मिनी किंवा राजदूत जपणाऱ्या माणसापुढे आज दोन खिडक्या आहेत. एक नोंदणीकृत भंगार केंद्राची, दुसरी आरटीओतल्या रि-पासिंगची, म्हणजे तपासणी करून नोंदणी वाढवून घेण्याची. आमचं मत आधीच सांगतो. चेसी (गाडीचा लोखंडी सांगाडा) सडलेल्या, अपघातात वाकलेल्या गाडीसाठी पहिली खिडकी ठीक आहे. चालत्या, निगा राखलेल्या गाडीला मात्र तिथे नेऊ नये. नुसत्या वयावरून गाडी मोडीत काढायला आमचा उघड विरोध आहे, आणि त्याची कारणं कागदात कमी, लोखंडात जास्त आहेत.

'१५ वर्षं झाली की गाडी जमा' ही अफवा अजून गावोगाव फिरते. महाराष्ट्रात खाजगी गाडीला असा नियम नाही. वयाची सक्ती दिल्लीच्या पट्ट्यातली. आपल्याकडे खाजगी नोंदणी १५ वर्षांची, त्यानंतर तपासणीत उतरली तर दर वेळी ५ वर्षांची मुदतवाढ. सक्ती आहे ती सरकारी गाड्यांना: १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाडीची नोंदणी पुढे वाढत नाही.

भंगार केंद्राची सेवा

योजना ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झाली आणि कागदावर ती ऐच्छिक आहे. अर्ज ऑनलाइन करायचा. आरसी (नोंदणी प्रमाणपत्र), ओळखपत्र आणि रद्द केलेला चेक लागतो, थकीत चलन व कर्जबोजा नसावा लागतो. केंद्र चोरीच्या गाड्यांच्या नोंदीशी क्रमांक ताडून बघतं. गाडी घेतल्यावर 'सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट', म्हणजे गाडी जमा केल्याचं प्रमाणपत्र मिळतं. त्यावर नव्या खाजगी गाडीच्या मोटार वाहन करात २५ टक्क्यांपर्यंत, व्यावसायिक गाडीच्या करात १५ टक्क्यांपर्यंत सूट देण्याची तरतूद आहे. नेमकी किती, हे राज्य ठरवतं, म्हणून गाडी सोडण्याआधी आरटीओत चालू दर विचारा. नव्या गाडीचं नोंदणी शुल्क माफ होतं. हे प्रमाणपत्र दुसऱ्याला विकताही येतं, ही या सेवेतली खरी चांगली गोष्ट.

पैशांचं काय? धोरणात नव्या गाडीच्या एक्स-शोरूम किमतीच्या ४ ते ६ टक्के भंगारमूल्य धरलं आहे, म्हणजे ६ लाखांच्या गाडीमागे २४ ते ३६ हजार. प्रत्यक्षात बोलणं वजनकाट्यावर येतं, आणि मारुती ८०० भरते साधारण ६५० किलो. चांगला गिअरबॉक्स, गंज नसलेले दरवाजे, साफ कार्बोरेटर यांना काट्यावर वेगळा भाव नाही. केंद्र जिल्ह्याबाहेर असेल तर टोइंगचा खर्च कोणाचा, हे लेखी घ्या.

भाव कमी मिळतो हे दुखणं लहान. मोठं दुखणं सुट्या भागांचं आहे. पूर्वी पाटबंधारे, वन, पोलीस अशा खात्यांच्या जुन्या महिंद्रा जीप जाहीर लिलावात निघायच्या. एका लिलावातल्या जीपवर तीन जीप उभ्या राहायच्या: एकीला ट्रान्सफर केस, दुसरीला पुढचा अ‍ॅक्सल, तिसरीला बॉनेट. आता त्या सरळ भंगार केंद्रात जातात. ज्या गाड्यांचं उत्पादन थांबलंय त्यांना नवा स्टब अ‍ॅक्सल किंवा डिफरन्शिअलचा पिनियन कुठून आणणार? बाजारात 'डुप्लिकेट' मिळतो, पण त्याचं हीट ट्रीटमेंट कच्चं असतं आणि तोरणमाळच्या घाटात दात उडतात.

अमेरिकेत २००९ साली हेच झालं. जुनी गाडी देऊन नवी घेण्याच्या तिथल्या योजनेत सुमारे पावणेसात लाख गाड्या घेतल्या. प्रत्येक इंजिनातलं ऑइल काढून त्यात सुमारे दोन लिटर सोडियम सिलिकेटचं द्रावण ओतायचं आणि इंजिन जाम होईपर्यंत पळवायचं, असा नियमच होता. दुरुस्त होऊ शकणारी इंजिनं कायमची गेली. तरी तिथे २५ वर्षांहून जुन्या गाड्या योजनेत घेत नव्हते. आपल्याकडे वरच्या वयाला असं कुठलंही कुंपण नाही. प्रत्येक केंद्राने निघालेल्या भागांची यादी लावावी आणि तपासलेले भाग मालकांना विकत द्यावेत, ही आमची मागणी त्यासाठी आहे.

रि-पासिंगची सेवा

इथे पहिला धक्का शुल्काचा. १ एप्रिल २०२२ पासून कारला ६०० ऐवजी ५,००० आणि मोटारसायकलला ३०० ऐवजी १,००० रुपये झाले. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या कारला १०,०००, मोटारसायकलला २,००० आणि आयात केलेल्या कारला तब्बल ८०,०००. पर्यावरण कर वेगळा. १०,००० रुपये ५ वर्षांवर पसरले तर महिन्याला १६७ पडतात, म्हणजे कारवाल्याला झेपेल. पण सुस्थितीतल्या गाडीला केवळ वयामुळे दुप्पट दर लावणं चूक आहे. तपासणीत नापास होणाऱ्याला दंड करा, पास होणाऱ्याला का?

अर्ज नमुना २५ मध्ये, मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत करता येतो. उशीर झाला तर मोटारसायकलला महिना ३०० आणि इतर खाजगी गाड्यांना महिना ५०० रुपये जादा.

फाइल अडते ती बहुतेक कागदांवर. आरसी हाताने लिहिलेलं जुनं पुस्तक असेल तर गाडीची नोंद सरकारच्या 'वाहन' या ऑनलाइन पोर्टलवर आहे का, ते आधी बघा. नसेल तर 'बॅकलॉग एन्ट्री' करून घ्यावी लागते आणि त्यात दिवस जातात. फिटलेल्या कर्जाचा बोजा आरसीवर तसाच असतो. बँक विलीन झाली असेल तर नव्या बँकेकडून ना-हरकत आणा, उदाहरणार्थ देना बँकेचं कर्ज असेल तर बँक ऑफ बडोदाकडून, आणि नमुना ३५ (बोजा उतरवण्याचा अर्ज) जोडा. एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबर) पाटी लागते: दुचाकीला ४५० आणि चारचाकीला ७४५ रुपये, अधिक जीएसटी.

मग चेसी नंबर. आपली हवा कोरडी असल्याने चेसी कोकणासारखी गंजत नाही, हे खानदेशातल्या जुन्या गाड्यांचं भाग्य. पण डांबरी अंडरकोटिंग, ग्रीस आणि काळ्या मातीचा थर आकड्यांवर दगडासारखा बसतो. तो डिझेलमध्ये भिजवा, पितळी ब्रशने सोडवा, मग पेन्सिल प्रिंट घ्या. ग्राइंडर किंवा स्टीलची व्हील लावू नका. आकड्याची कड गेली की नंबरशी छेडछाड केल्याचा संशय येतो. आकडा पुसला असेल तर स्वतः पंच मारू नका, आरटीओच्या परवानगीनेच पुन्हा कोरून घ्या.

तपासणीत जुनी गाडी चार ठिकाणी पडते. ब्रेक: उभ्या गाडीतले व्हील सिलिंडरचे रबर कडक होतात, म्हणून चारही चाकांची किट एकदम बदला. ब्लीडिंग (ब्रेकच्या पाइपातली हवा काढणं) मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरू करा: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. स्टिअरिंग: जुन्या जीपमध्ये ढिलाई बहुधा टाय रॉड एंड, बेल क्रँकचे बुश आणि किंग पिनचे बेअरिंग यांत असते. स्टिअरिंग बॉक्स आवळून ती लपवता येते, पण मग वळणानंतर स्टिअरिंग सरळ येत नाही. हेडलाइट: पिवळा, मंद उजेड असेल तर बल्ब बदलण्याआधी अर्थिंगची जोडणी साफ करा, नंतर रिले आणि २.५ चौरस मिमीची वायर टाका.

पीयूसी (धुराची चाचणी): इथे जुन्या गाडीला मोजमापाने न्याय मिळतो. बीएस-२ च्या (बीएस म्हणजे भारत स्टेज, प्रदूषण निकषांचे टप्पे) आधीच्या पेट्रोल कारला आयडलिंगवर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ३ टक्के आणि एचसी (न जळलेलं इंधन) १,५०० पीपीएम ही मर्यादा. बीएस-४ आधीच्या डिझेलला धुराची ६५ एचएसयू (धुराच्या दाटपणाचं एकक). सीओ जास्त आला तर चोक अडकलाय का, फ्लोटची पातळी वर आहे का, एअर फिल्टर तुंबलाय का, ते बघा. एचसी जास्त आला तर इंजिन मिस मारतंय: प्लग, पॉइंटचा गॅप, गळका व्हॉल्व्ह. डिझेलचा काळा धूर आला की लोक पंपाचा स्क्रू फिरवतात. आधी एअर फिल्टर बदला आणि इंजेक्टर प्रेशर पंपावर तपासा. चाचणीआधी गाडी २० मिनिटं रस्त्यावर चालवा, थंड इंजिन खोटे आकडे देतं.

ई-२० पेट्रोलने (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) कार्बोरेटरवाल्यांचं काम वाढवलंय. मिश्रण पातळ पडतं, पिकअपला गाडी खोकते. मेन जेट एक पायरी मोठा टाकला की बहुतेक वेळा सुटते. जुने रबरी होज फुगून आतून सोलतात आणि ते तुकडे जेटमध्ये अडकतात, म्हणून व्हायटॉनचे (इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे) होज घाला. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर पेट्रोलचा पाइप बंद करून फ्लोट चेंबर रिकामं होईपर्यंत इंजिन चालवा. शक्य असेल तर तपासणीची तारीख मे महिन्यात घेऊच नका. ४४-४५ अंशांत रांगेत उभ्या गाडीच्या पाइपमध्ये पेट्रोलची वाफ होते आणि नेमकी खिडकीपुढे बंद पडते. पाइप मॅनिफोल्डपासून लांब घेऊन त्यावर उष्णतारोधक नळी चढवली की त्रास कमी होतो.

सेवा म्हणून भंगार केंद्राला आम्ही ५ पैकी २ गुण देतो. रि-पासिंगला साडेतीन. तिथे खर्च जास्त आहे, पण निकष गाडीच्या अवस्थेचा आहे.

५० वर्षांवरच्या गाड्या

जुलै २०२१ च्या नियमांनी व्हिंटेज गाड्यांना वेगळी नोंदणी दिली: 'व्हीए' अक्षरांची पाटी, २०,००० रुपये शुल्क, १० वर्षांची मुदत आणि नूतनीकरणाला ५,०००. अट मोठी आहे. रोजच्या वापराला गाडी काढता येत नाही; प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच. चेसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला चालत नाही, आणि इथेच विलीज पद्धतीच्या असंख्य जीप बाद होतात, कारण शेतीकामासाठी त्यांत कधीच डिझेल इंजिन बसवलेलं असतं. असं इंजिन आरसीवर चढवलेलं नसेल तर साध्या रि-पासिंगलाही नंबर जुळत नाही. म्हणून जुनी जीप घेताना इंजिन नंबर आरसीशी स्वतः ताडा. मूळ पेट्रोल इंजिन कोठीत पडलेलं असेल तर ते सौद्यात मागून घ्या. प्लगच्या भोकांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे इंजिन ऑइल सोडा, भोकं जुन्या प्लगांनी बंद करा आणि महिन्यातून एकदा क्रँक हाताने दोन फेरे फिरवा, म्हणजे रिंगा धरणार नाहीत.