चादर बरीय, म्हणून तीन स्टार

नवी पेठेतून घेतलेली सोलापुरी चादर, सिंगल, मरून आणि क्रीम. कुठल्या नावाजलेल्या कंपनीची नाही, "आपल्या पूर्वभागातल्याच मागावरची हाय ओ सर" एवढंच दुकानदार बोलले. साडेचारशेला दिली, घासाघीस करून. मी तीन स्टार दिले आणि खाली लिहिलं, बरी आहे. झालं, दुकानातून फोन. "सर काय प्रॉब्लेम झाला का? बदलून देतो की."

आता बरी आहे म्हणल्यावर प्रॉब्लेम कुठनं आला?

पण त्यांचं तरी काय चुकलं म्हणा. हल्ली सगळ्यांना पाच स्टार नाहीतर एक स्टार, मधलं कुणी काही देतच नाही. अन् तोंडानं मात्र आपण दिवसभर मधलंच बोलत असतो. आमची आत्या कुणाच्याही घरी जेवून आली की "बरं झालतं" एवढंच म्हणते आणि ते ऐकायला सुना जीव टाकतात, कारण तिच्याकडं याच्यावरचा शब्दच नाही. तेच स्थळ बघून आल्यावर "मुलगा बरा आहे..." असं म्हणून कोणी थांबलं की संपलं, पुढचा 'पण' सगळ्यांना आधीच ऐकू येतो. ताप उतरला की माणूस बरा होतो, पाऊस झाला की बरं वाटतं, पैसे जास्त गेले की बरेच गेले. जुन्या मराठीत तर बरवा म्हणजे चक्क सुंदर. एवढा मोठा शब्द घासून घासून आपण तीन स्टारवर आणून ठेवलाय.

तर माझ्या हिशोबानं बरं म्हणजे पैसे वसूल, परत घेईन. ठीकठाक म्हणजे नाव ठेवायला जागा नाही आणि सांगण्यासारखंही काही नाही. यथातथा म्हणजे खोट आहे पण समोरच्याचं मन मोडायचं नाही (मजा बघा, यथातथ्य म्हणजे जसं आहे तसं, खरं, आणि त्याचाच भाऊ यथातथा, तो असा लंगडा निघाला). सुमार म्हणजे मात्र सरळ शिवीच, त्याच्या खाली फक्त "काय बे हे!"

चादरीचं सांगतो. कापड बरं. पूर्ण सुती आहे, कडेचा धागा काढून जाळून बघितला, कागदासारखा जळाला आणि बोटात भुरभुर राख झाली, मिक्स असता तर वितळून गोळी झाली असती. हे लिहायचं कारण म्हणजे सोलापुरी चादरीला 2005 साली जीआय (म्हणजे भौगोलिक मानांकन, त्या भागातल्या मालालाच ते नाव लावायचा हक्क) मिळालाय, राज्यातल्या अगदी पहिल्या मालांपैकी, तरी सोलापुरी नावानं बाहेरचा पॉलिस्टर मिक्स माल सर्रास विकतात, आणि हायवेला थांबलेला पाहुणा तोच घेऊन जातो अन् आपल्याला नावं ठेवतो. वजन हातात घेतलं की कळतं. जड लागली पाहिजे, ओली झाल्यावर तर एकट्याला पिळता येऊ नये, दोन टोकाला दोघं लागतात. ही तशी आहे.

डिझाईन ठीकठाक. जॅकार्डचीच आहे (म्हणजे नक्षी छापलेली नाही, मागावर विणतानाच आलेली), उलटी केली की रंगांची अदलाबदल होते, इकडं मरूनवर क्रीम फुलं तर तिकडं क्रीमवर मरून, ते व्यवस्थित आलंय. पण तीच चौकट, तीच फुलं, आमच्या घरात कपाटात वर्षानुवर्षं पडलेल्या चादरीवर पण हीच असतील. वाईट नाही, फक्त डोळा थांबत नाही तिथं.

रंग यथातथा. पहिल्या धुण्यात बादली लाल झाली, मीठ टाकून भिजवली होती तरी. नंतर कमी झालं. पांढऱ्या बनियनबरोबर टाकू नका एवढंच. तूस पण सुटतंय, काळ्या पॅन्टवर दिसतं, पण ते सुतात व्हायचंच, आणि दशांच्या गाठी मात्र पक्क्या आहेत, मशीनमधून निघाल्या तरी एक सुटली नाही.

पांघरायला म्हणाल तर आपल्याकडं थंडी असते किती, जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा आली की आठ-पंधरा दिवस काय ती. बाकी वर्षभर ही अंथरायलाच लागणार, मे महिन्यात गच्चीवर फरशी रात्रीपर्यंत तापलेली असते तेव्हा दुहेरी घडी घालून. त्या कामाला एक नंबर.

सोबत टॉवेल घेतला होता तो सुमार. नवा टेरी टॉवेल दोन-चार धुण्यांनंतरच पाणी नीट ओढायला लागतो हे सोलापुरात राहून मला कुणी सांगायची गरज नाही, पण हा अजून अंगावरनं पाणी नुसतं सरकवतोय आणि कडेची शिलाई पण उसवूलालीय. फोनवर हे सांगितलं तर म्हणाले टॉवेल बदलून देतो, पण स्टार तेवढे वाढवा. टॉवेल बदलून घेईन. स्टार चादरीचे आहेत, ते तीनच राहतील.

लग्नात आहेर द्यायला ही घेऊ नका, दिसायला काही खास नाही, त्याला थोडे जास्त घालून मोरवाली घ्या. घरी पाहुण्यारावळ्यांना अंथरायला हवी असेल तर डोळे झाकून दोन घ्या, आणि गडद रंग टाळा.