गॅरेजचा रिमोट हरवला: लॉक करावं, सगळं पुसावं की रिसीव्हर बदलावा?

अमेरिकेत गाडी फोडून चोराने वायझरला अडकवलेला गॅरेजचा रिमोट नेला, तर खणातला रजिस्ट्रेशनचा कागदही बहुधा सोबत जातो, आणि त्यावर घराचा पत्ता असतो. अशा वेळी नवा रिमोट जोडण्याची घाई नको. आधी जुना निकामी करायचा. जुनं घर विकत घेतलं असेल तरी हाच क्रम, कारण आधीच्या मालकाने शेजारी, मोलकरीण, रंगारी यांपैकी कुणाला रिमोट दिला होता ते त्यालाही आठवत नसतं.

हरवलेला रिमोट हाती नसला तरी तो बंद करता येतो. त्याची ओळख छताला टांगलेल्या मोटरच्या रिसीव्हरमध्ये, म्हणजे रिमोटचा संकेत पकडणाऱ्या भागात, साठवलेली असते, आणि पुसायची तिथूनच.

आजच्या रात्रीपुरतं: लॉक

भिंतीवरच्या पॅनेलवर ‘लॉक’ बटण असेल तर ते दोनेक सेकंद दाबून धरा. पॅनेलचा दिवा लुकलुकू लागला की मोटर एकाही रिमोटचं ऐकत नाही. भिंतीवरचं बटण मात्र चालतं. शिडी लागत नाही, काही पुसलं जात नाही. गावाला जाताना हे उत्तम. पण चोरीनंतर एवढ्यावर थांबू नका. घरातल्या कुणी नकळत लॉक काढलं की चोराचा रिमोट पुन्हा जिवंत होतो. उलटही घडतं: चुकून लॉक लागतं, रिमोट चालेनासे होतात आणि माणसं सेल बदलत बसतात. भिंतीवरून दार उघडतंय, पण रिमोटने नाही? मग आधी पॅनेलचा दिवा बघा.

पॅनेल एकाच बटणाचं असेल तर मोटरचा प्लग काढा आणि दाराचा आतला अडसर सरकवा. क्रम हाच ठेवा. अडसर लावलेला असताना मोटर चालली तर ती अडलेलं दार ओढते आणि दाराची वरची फळी वाकते.

कायमचं: सगळं पुसणं

बहुतेक मोटरींत नेमका एकच रिमोट निवडून काढता येत नाही. पुसले तर सगळे, सोबत बाहेरचा कीपॅडही. लिफ्टमास्टर किंवा चेंबरलेन कंपनीच्या मोटरीवर अँटेनाच्या तारेजवळ, कधी दिव्याच्या झाकणाखाली, ‘लर्न’ बटण असतं. ते दाबून धरा. साधारण सहा सेकंदांनी शेजारचा दिवा विझला की सगळी नोंद गेली. वाय-फायचं मॉडेल असेल तर लगेच पुन्हा तसंच दाबून धरा, म्हणजे अ‍ॅपशी जोडलेली साधनंही सुटतात.

आता लगेच जोडणी नको. हाताशी उरलेला एखादा जुना रिमोट दाबून बघा. दार हललं नाही तरच पुसलं गेलं.

जोडताना तेच बटण, पण फक्त दाबून सोडायचं. दिवा लागल्यापासून ३० सेकंदांच्या आत रिमोटचं बटण दाबून धरा. मोटरचा दिवा लुकलुकला किंवा टकटक आवाज आला की सोडा. सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. चौथा रिमोट जोडताना बटण जरा जास्त वेळ दाबलं जातं आणि आधीचे तिन्ही पुसले जातात.

गाडीतलं होमलिंक, म्हणजे गॅरेज उघडणारी गाडीतच बसवलेली बटणं, विसरू नका. मोटर पुसली की गाडीतल्या बटणाने तुमचं दार उघडत नाही, पण गाडी विकायची असेल तर दोन्ही टोकांची बटणं, दिवा भराभर लुकलुकेपर्यंत, एकत्र दाबून तिची मेमरीही साफ करा. नव्याने जोडताना पिवळं लर्न बटण जुन्या गाड्यांना ओळखत नाही. त्यासाठी दोघांत दुवा जोडणारं वेगळं साधन, ब्रिज, घ्यावं लागतं.

रंग काय सांगतो

पुसणं किती उपयोगाचं, ते या कंपन्यांच्या मोटरींत लर्न बटणाच्या रंगावर ठरतं. पिवळं, जांभळं, लाल किंवा नारिंगी असेल तर रोलिंग कोड आहे. दर दाबण्याला संकेत बदलतो, म्हणून हवेतून टिपलेला जुना संकेत पुन्हा चालत नाही. इथे पुसणं पुरेसं. नव्या यंत्रावर पैसे घालू नका. हिरवं बटण १९९० च्या दशकातलं, संकेत कायम एकच. पुसल्याने हरवलेला रिमोट बंद होतो, पण चालू रिमोटचा संकेत कुणीही टिपू शकतो.

रिमोटच्या पोटात बारीक खटक्यांची रांग असेल तर यंत्र त्याहून कच्चं. नऊ खटक्यांच्या फक्त ५१२ जुळण्या होतात, बाराच्या ४०९६. २०१५ मध्ये सुरक्षा संशोधक सॅमी कामकार यांनी मॅटेलच्या एका खेळण्यात फेरफार करून असं दार काही सेकंदांत उघडता येतं हे दाखवलं. मोटरीवरचे आणि रिमोटमधले खटके बदलले की हरवलेला रिमोट निकामी होतो, पण धोका उरतोच. इथे बाहेरचा रोलिंग कोड रिसीव्हर घ्या. त्याच्या दोन तारा भिंतीवरच्या बटणाच्याच टर्मिनलना जोडतात, वीज त्याच्या स्वतःच्या अडॅप्टरवरून येते. जोडल्यावर जुना रिसीव्हर काढायला विसरू नका; तो तसाच राहिला तर जुना रिमोटही दार उघडत राहतो.

दाराच्या तळाशी दोन्ही बाजूंना फोटो सेन्सर (वाटेत कुणी आलं की प्रकाशझोत तुटल्याने दार थांबवणारे) नसतील तर रिसीव्हरवरही खर्च नको. अमेरिकेत १ जानेवारी १९९३ पासून बनणाऱ्या घरगुती मोटरींना दाराखाली अडकणाऱ्या माणसाला वाचवणारी अशी सोय सक्तीची आहे. त्याआधीच्या मोटरीचं दार खाली आलेल्या मुलावर थांबेल याची खात्री नाही, म्हणून तिथे अख्खी मोटर बदला.