सूसमधली शांतता: १४ महिने वापरल्यानंतर

पुण्याच्या मध्यातल्या नारायण पेठेतून शहराच्या पश्चिम टोकाला सूसला येऊन आम्हाला १४ महिने झाले. कार्पेट एरिया, पार्किंग, क्लब हाउस यावर लिहिणारे पुष्कळ आहेत, ते मी लिहीत नाही. आम्ही ज्या एका गोष्टीपायी इतक्या लांब आलो ती शांतता, आणि ती वापरायला कशी आहे हे घेण्याआधी आम्हाला कुणीच धड सांगितलं नव्हतं.

मोदी गणपतीच्या मागच्या गल्लीत आमच्या दोन खोल्या होत्या. खाली झेरॉक्सचं दुकान, समोर मंगल कार्यालय. जुलै लागला की नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू, मग मालिकेत कोण कुणावर ओरडतंय ते तोंडं बघून ओळखायचं. वीस वर्षं मला एकच हवं होतं, रविवारी दुपारची सलग झोप. सासूबाईंना (मी त्यांना आईच म्हणते, वय ७६) काहीच नको होतं. वाडा बिल्डरकडे गेला म्हणून त्या निघाल्या, एरवी हलल्या नसत्या.

फ्लॅट बघायला गेलो तो जुलैतला रविवार, सकाळचे अकरा. एजंट गॅलरीत उभा राहून म्हणाला, "ऐका मॅडम." ऐकण्यासारखं काही नव्हतं, आणि तेच त्याला विकायचं होतं. तेवढ्यात टेकडीवर मोर ओरडला. वेळ अशी साधली की मोरालाही कमिशन असावं. टोकनचा चेक मी तिथेच फाडला.

तुम्ही बघायला जाणार असाल तर रविवारी अकराला जाऊ नका. एप्रिलमधल्या मंगळवारी जा, पहाटे पावणेसहाला. तेव्हा आमचा पहिला टँकर येतो. आधी रिव्हर्सची पिपाणी, मग फरशीवरून पाइप ओढल्याची घसर, मग दहा हजार लिटर टाकीत पडेपर्यंत मोटर, आणि या सगळ्याच्या वरताण वॉचमनची शिट्टी. फेब्रुवारीपर्यंत दिवसाला दोन यायचे, मे महिन्यात सात. शेजारच्या सोसायट्यांचे वेगळे. सुरुवातीला मी कानावर उशी घ्यायची. आता अर्धवट झोपेत मोजते, आणि तिसरा ऐकला की बरं वाटतं. आज केस धुवायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट हायवे. मुंबई-बेंगळुरू हायवे आमच्यापासून दोन-तीन किलोमीटर पूर्वेला, मध्ये टेकडीचा उंचवटा. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो, म्हणजे आमच्याकडून हायवेकडे, त्यामुळे तिकडचा आवाज आमच्यापर्यंत पोचतच नाही. दिवाळीनंतर एका रात्री मात्र मला वाटलं, आपल्या कंपाउंडमागून कुणी नवा रस्ता सुरू केला. थंडीत वारा पडतो, आभाळ मोकळं असतं, जमीन झपाट्याने गार होते आणि जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड राहते. अशा वेळी आवाज वर जाऊन विरत नाही, वाकून पुन्हा खाली येतो. डिसेंबरात पहाटे तीनला ट्रकवाल्याने गिअर बदललेला मला अंथरुणात कळतो. उष्णदेशीय हवामानाचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था पाषाणला आहे, तिच्यावरून मी रोज ऑफिसला जाते, पण घर जुलैत बघू नये एवढं साधं हवामान मला कळलं नाही.

कुत्री आहेत. त्यांच्यावर वेगळं लिहीन, आज रक्तदाब वाढवायचा नाही.

पाऊस मात्र पूर्ण गुण. सह्याद्रीकडे जितकं सरकावं तितका तो वाढतो, हे शाळेत पाठ केलं होतं, इथे फोनवर पडताळता येतं. नणंद अजून पेठेत राहते, ती म्हणते भुरभुर आहे, आणि आमच्या गॅलरीतलं वाळत घातलेलं सगळं आत. संध्याकाळी पावसाने उघडीप दिली की टिटवी ओरडत जाते, समोरच्या टेकडीवरून ढग खाली उतरतो आणि दहा मिनिटं कुणी काही बोलत नाही. मुलाला यातलं काही लागू नाही, त्याच्या कानात इअरफोन असतात. तो पेठेतही शांततेतच राहत होता.

आता मुख्य तक्रार. माझी बँक शिवाजीनगरला. अंतर १२-१३ किलोमीटर, पाषाणवरून विद्यापीठ चौकातून. जाताना पाऊण तास, येताना सव्वा. रिक्षावाले सूस म्हटलं की मान हलवतात, परतीचं भाडं मिळत नाही म्हणून. सूस जून २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आलं, पण पत्त्यात 'तालुका मुळशी' लिहिलेलं पार्सल अजून येतं आणि रिक्षावाल्यांच्या मनातही आम्ही तालुका मुळशीच. म्हणजे मी साडेआठला निघते, सातला येते. मग शांतता असते कधी?

ते मला मार्चमध्ये कळलं. ताप आला म्हणून दोन दिवस घरी होते. साडेदहा वाजता शेवटची स्कूलबस गेली आणि सगळं थांबलं. फ्रिज बंद झाला तेव्हा तो इतका वेळ चालू होता हे लक्षात आलं. मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप टाकलं (त्याच्यावर किती विश्वास ठेवायचा तो ठेवा), त्यात ३६ डेसिबल आले. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सहा ४५ अशी मर्यादा आहे. म्हणजे आमची दुपार कायद्यातल्या रात्रीपेक्षा शांत. चारला बस परत येईपर्यंत हे असंच. मी याचेच पैसे भरले होते आणि मला ते पहिल्यांदा दिसत होतं, तापात.

पाणी घ्यायला उठले तर आई मुख्य दार सताड उघडं टाकून उंबऱ्याच्या आत खुर्चीवर बसलेल्या.

"आई, वाऱ्याला बसलात का?"

"नाही गं. लिफ्ट बघते."

"लिफ्टमध्ये काय बघायचं?"

"चौथ्यावर थांबली की ती तिथलीच. पाचच्या पुढे सरकली तर आपल्याकडे यायची शक्यता." मग जरा थांबून, "सकाळपासून चौथ्यावर अकरा वेळा. आपल्याकडे एकदा, आणि तोही चुकून आला होता. पनीर दुसऱ्यांचं होतं."

आकडा बदलला की त्यांची मान वर जायची. त्यांच्या हातात वाती होत्या, वळून झालेल्या वातींचा ढीग मांडीवर. एवढ्या वाती आमच्या देवघराला वर्षभरात लागत नाहीत.

"तिकडे काय कमी आवाज होता का?" मी म्हटलं.

"होता की. पण खालच्या दुकानात भांडण झालं तर बाजू तरी घेता यायची."

हप्ता मी भरते, आणि माल मिळतो त्यांना, ज्यांनी तो मागितलाच नव्हता. हे मला त्या दिवशी कळलं आणि तरी मी काही केलं नाही, ताप उतरल्यावर पुन्हा साडेआठला निघाले. सोसायटीत भजनी मंडळ आहे, आई एकदा गेल्या आणि परत येऊन म्हणाल्या, सगळ्याजणी सूर सोडून मोबाइल धरतात.

मग गेल्या महिन्यात शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर पत्रे लागले. आमची शांतता त्या प्लॉटची होती, हे त्या दिवशी स्पष्ट झालं. आम्ही विकत घेतलेल्या सातशे चौरस फुटांत ती कुठेच नव्हती. इथे दोन-तीन फूट मुरूम गेला की खाली काळा कातळ. तो सुरुंगाने फोडत नाहीत, पोकलेनला ब्रेकर लावून ठोकतात. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, ताटातली वाटी हलेल असं. शनिवारी ॲपमध्ये ८२ आले. मी कमिटीला पत्र लिहिलं, त्यात वेळ, डेसिबल, नियमाचा हवाला सगळं घातलं, आणि सह्या घ्यायला निघण्याआधी वाचून दाखवायला आईंकडे गेले.

त्या दारात नव्हत्या. खुर्ची गॅलरीत गेली होती, रेलिंगला चिकटून. वातींचं तबक कठड्यावर.

"आई, ही सही करा."

"कशावर?"

"हे ठोकणं बंद व्हावं म्हणून."

"बंद?" त्यांनी चष्मा काढला. "अगं, त्याचा तो टोकदार दांडा मोडला काल. दुपारपर्यंत काम थांबलेलं. मग मुकादम आला, त्याने ऑपरेटरला इतकं बोलून घेतलं. चूक त्याची नव्हती, दगडच तसा आहे. मी इथून बघत होते ना."

सही राहिली. संध्याकाळी मावशी पोळ्या लाटत होत्या तर आई स्वयंपाकघरात येऊन सांगून गेल्या, की उद्यापासून दोन भाकरी जास्त टाका, तो पोरगा डबा आणत नाही, नुसती बिस्किटं खातो. पोकलेन सातव्या मजल्यावरून दिसतो, डबा खाली द्यायचा कसा हा प्रश्न होता. तो त्यांनी वॉचमनशी बोलून आधीच सोडवलेला होता.