पाचगणीतलं रो-हाऊस: बघायचं तर जुलैत बघा

पाचगणीत रो-हाऊस, म्हणजे भिंतीला भिंत लावून ओळीत बांधलेलं घर, बघायला लोक येतात ते बहुधा हिवाळ्यात. कोवळं ऊन, खाली कृष्णेचं खोरं, पुढे अंगणाचा तुकडा. घर आवडतं, आणि ते आवडण्यासारखं असतंही: डोक्यावर कुणाचा संसार नाही, लिफ्टचा खर्च नाही, शिवाय एकट्या बंगल्याला लागते तशी राखणदाराची वेगळी सोय करावी लागत नाही. पण इथे घराची परीक्षा पावसाळा घेतो. व्यवहार ठरवण्याआधी जुलैत, भर पावसात, एक चक्कर माराच.

पोचल्यावर हॉल नंतर बघा, आधी टॉर्च घेऊन माळ्यावर चढा. दोन घरांमधली सामाईक भिंत छपराला भिडते तो सांधा हे रो-हाऊसचं सगळ्यात दुखरं ठिकाण. ही भिंत छपराच्या वर फूटभर तरी चढवलेली हवी आणि भिंतीत खाच मारून कौलांवर उतरणारा पत्रा बसवलेला हवा. नुसतं सिमेंट थापलं असेल तर ते उन्हाळ्यात तडकतं आणि पहिल्या झडीला दोन्ही घरांत ओल उतरते.

दुसरं ठिकाण म्हणजे दोन उतरत्या छपरांमधली पन्हळ. पाचगणीत सिल्व्हर ओक जागोजागी आहेत. त्याचं पान वरून हिरवं, खालून चंदेरी; भिजलं की पाइपच्या तोंडाशी लेप दिल्यासारखं चिकटतं. अशी मूठभर पानं साचली तरी पाणी तुंबून कौलांखाली शिरतं. तोंडाला जाळी हवी आणि खाली येणारा पाइप चार इंची हवा. मे संपताना एकदा आणि मग पावसाळाभर दर पंधरवड्याला सफाई झालीच पाहिजे. नेमक्या त्याच दिवसांत बरीच घरं कुलूपबंद असतात. शेजारच्या बंद घराची तुंबलेली पन्हळ तुमच्या भिंतीतून गळते, म्हणून हे काम एकेका मालकावर सोडून चालतच नाही; ते सोसायटीनेच करायला हवं.

ओल कुठे आहे यावरून दुखणं कळतं. छताजवळचा डाग बहुतेक वेळा सांध्याचा किंवा पन्हळीचा. जमिनीपासून हात-दीड हातावरचा डाग जोत्याचा किंवा मागच्या डोंगराचा. उतार कापून बांधलेल्या ओळीत मागच्या संरक्षक भिंतीला पाणी निघायची भोकं असतात. भर पावसात ती कोरडी असतील तर ती बुजली आहेत आणि पाणी तुमच्या फरशीखाली वाट काढतंय असं समजा. पश्चिमेच्या भिंतीला कपाट लावू नका. प्लायवूड फुगतं, आत बुरशी धरते.

आता सोसायटीचं दप्तर. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के दुरुस्ती निधी आणि ०.२५ टक्के सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठीची राखीव गंगाजळी) जमा व्हायला हवा. बांधकाम ३० लाखांचं असेल तर २२,५०० आणि ७,५००, म्हणजे महिन्याला अडीच हजार, मेंटेनन्स वेगळा. ‘आमच्याकडे महिन्याला पाचशेच घेतात’ असं कुणी कौतुकाने सांगितलं तर सावध व्हा: छपराचे पैसे साठतच नाहीयेत. घर पर्यटकांना भाड्याने द्यायचा विचार असेल तर बिनभोगवटा शुल्काचा, म्हणजे मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो तेव्हा सोसायटी घेते त्या शुल्काचा, ठराव वाचा. सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर ते लावता येत नाही. २००१ पासून महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, तेव्हा मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र (घर राहायला वापरता येतं असा सरकारी दाखला) पाहिल्याशिवाय इसार देऊ नका. मागे वाढवलेली खोली नकाशात नसेल तर ती किमतीत धरू नका.

सोलर हीटरवर पावसाळ्यात भिस्त ठेवता येत नाही, गिझर लागतोच. टाकी घरटी हजार लिटरची तरी असावी. एप्रिल-मेत पर्यटकांची गर्दी आणि पाण्याची ओढ एकदमच येते. टाकीचं झाकण स्क्रूने आवळलेलं हवं, नुसतं ठेवलेलं झाकण माकडं उचलतात. कौलंही तीच सरकवतात, म्हणून तीस-चाळीस जादा कौलं जिन्याखाली रचून ठेवा, पण तुमच्याच छपराच्या साच्याची. दुसऱ्या साच्याची खाचेत बसत नाहीत.